अक्का, तोंडी माहिती

आमच्या घरात लेख बायको लिहायची आणि त्याची संदर्भसूची मी लावायचो. ती धुळ्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होती, मी जळगावात एका कॉलेजचा ग्रंथपाल. बरीच वर्षं ती आठवडाभर धुळ्यात खोली घेऊन राहिली आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी येत राहिली. एखादा लेख लिहून झाला की रविवारी जेवणं आटोपल्यावर ती कागद माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, माझं संपलं. आता तुमचे स्वल्पविराम सुरू करा."

मला ते काम आवडायचं. आधी आडनाव, मग नाव, मग वर्ष, मग पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात, मग प्रकाशक आणि गाव. एका नियतकालिकाला वर्ष कंसात हवं असतं, दुसऱ्याला अगदी शेवटी. कुणाला पानांच्या आकड्याआधी 'पृ.' लागतो, कुणाला तो चालत नाही. लेखात ज्याचा उल्लेख आहे तो सूचीत असला पाहिजे आणि सूचीत जो आहे तो लेखात कुठेतरी सापडला पाहिजे, हा नियम मात्र सगळीकडे सारखा. मी एक लाल आणि एक निळी पेन्सिल घेऊन बसायचो आणि दोन्ही बाजूंनी खुणा करत जायचो. तिला या कामाचा मनापासून कंटाळा होता.

"लोक लेख वाचतात हो. सूची कोण वाचतं?"

"ज्याचा तुझ्यावर विश्वास नाही तो," मी म्हणायचो.

दिवाळीच्या आधी ती गेली. ताप म्हणून दवाखान्यात नेली होती. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी तिचा ईमेल उघडला. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना कळवायचं राहिलं होतं. बँकेच्या, कॉलेजच्या मेलांमध्ये एका मराठी संशोधन-त्रैमासिकाच्या संपादकांचा मेल होता. ती गेल्यानंतर आलेला. लेख दोन तज्ज्ञांना आवडला आहे, तो पुढच्या अंकात घ्यायचा आहे, पण संदर्भ नियतकालिकाच्या पद्धतीनं लावून महिनाअखेरपर्यंत पाठवावेत. आणि एक अट होती. लेखात तोंडी माहितीचे जे आधार दिले आहेत त्या प्रत्येक व्यक्तीचं पूर्ण नाव, गाव आणि मुलाखतीचं वर्ष सूचीत यायला हवं. नाव छापायला त्या व्यक्तीची हरकत नाही, असं लेखकांनी सही करून लिहून द्यावं. ज्या विधानामागे नाव देता येणार नाही, ते विधान काढावं.

तो लेख पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीवर होता. नदीवर जागोजागी छोटे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालची गावाची जमीन फडांमध्ये वाटलेली असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कुणाला कधी मिळेल ते गावाच्या पंचांनी ठरवायचं आणि पाटकऱ्यानं पाटावर फिरून ते सांभाळायचं. यावर आधी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. छापील साधनांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, की पाणी आधी पाटाच्या मुखाकडच्या शेतांना आणि मग खाली खाली शेवटच्या टोकापर्यंत. तिचं म्हणणं वेगळं होतं. पाणी कमी असेल त्या वर्षी हा क्रम उलटा करत, पहिलं पाणी टोकाच्या शेताला सोडत. मुखाकडच्यांची पाळी त्यानंतर, म्हणून टोकाचं शेत भिजेपर्यंत त्यांना स्वतःच्याच गरजेपोटी पाटावर लक्ष ठेवावं लागे, पाणी मध्ये कुणी तोडत नसे. दुष्काळातही पद्धत मोडली नाही ती यामुळे, असा तिचा निष्कर्ष होता. एका तज्ज्ञानं शेऱ्यात लिहिलं होतं की लेखातला नवा भाग हाच आहे, आणि बाकीचं आपल्याला माहीत होतं.

मी लेखाची फाइल उघडली. पुस्तकं, गॅझेटिअर, सरकारी अहवाल, सगळं नीट होतं. तोंडी माहितीपाशी आलो आणि थांबलो. तिथे लिहिलं होतं: (आबा, तोंडी माहिती). पुढच्या पानावर (नाना, तोंडी माहिती). आणि उलट्या क्रमाचा तो सगळा भाग एकाच आधारावर उभा होता: (अक्का, तोंडी माहिती). मी सूची अकारविल्हे लावली तेव्हा अक्का सगळ्यांच्या वर आली, नामवंत लेखकांच्या आणि गॅझेटिअरच्याही वर. बायकोला हे दाखवता आलं असतं तर ती हसली असती.

पण ही चूक तिची एकटीची नाही, आमच्या भागातली रीतच तशी आहे. खानदेशात वडीलधाऱ्या माणसाला नाव विचारत नाहीत. पहिल्याच भेटीत आबा, नाना, भाऊ, अक्का यांपैकी काहीतरी ठरून जातं आणि पुढे त्याच हाकेनं बोलणं चालतं. म्हाताऱ्या बाईला समोर बसून 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हटलं तर तिला तलाठी आला की काय असं वाटेल. बायको गावात फोनवर आवाजही टेप करत नसे. फोन समोर ठेवला की माणसं पेपरातल्यासारखं बोलायला लागतात, असं ती सांगायची. ती ऐकायची, आणि खोलीवर येऊन लिहून काढायची. त्या टिपणांतही मी पाहिलं. 'पाटकऱ्याची अक्का' एवढंच होतं.

लेखाचा दुसरा लेखक तिचाच विद्यार्थी होता. आता तो तिच्याच कॉलेजात शिकवतो. पाटांची मोजणी आणि नकाशे त्यानं केले होते, मुलाखतींना मात्र ती त्याला नेत नसे. त्याची बढती अडली होती आणि हा लेख त्यात धरला जाणार होता. ते त्यानं लपवलं नाही. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्ही त्रास घेऊ नका. गावात त्या वयाच्या आजी खूप आहेत. एखादीचं नाव घेऊन टाकू. कोण जाणार आहे तपासायला?"

"तुझ्या मॅडमचं नाव पहिलं आहे त्या लेखावर," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतोय ना. तो भाग गेला तर मॅडमचं काय राहतं त्यात?"

मी एवढंच म्हणालो की आधी खरी अक्का शोधू.

नानांचा नंबर तिच्या फोनमध्ये 'नाना फड' या नावानं होता. पलीकडून एक दमदार आवाज आला. मी विचारलं, नाना आहेत का?

"कोनता नाना? आठे तीन नाना शेतस. एक बहिरा शे, एक सुरतले पोरकडे गया, आनि तिसरा मी."

चष्मेवाल्या मॅडमचा नवरा बोलतोय म्हटल्यावर तिसऱ्या नानांनी आधी तिची चौकशी केली. मी सांगितलं. त्यांनी मागे चाललेला ट्रॅक्टर कुणाला तरी बंद करायला सांगितला. मग त्यांनी आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सावकाश, फळ्यावर लिहून घ्यावं तसं सांगितलं. आबा वारले होते. नानांनी दिलेल्या नंबरवर त्यांचा नातू भेटला; नाव छापणार म्हटल्यावर त्याला इतका आनंद झाला की म्हणाला, "आबांचं पूर्ण नाव टाका काका, एक अक्षर सोडू नका. आणि अंकाच्या प्रती लागतील आम्हाला. भावकी मोठी आहे."

अक्काबद्दल नाना जरा अडखळले. "पाटकरीनी म्हातारी ना? शे ना, शे. पन तिना पोऱ्या आते पंच शे." मग म्हणाले, "तुम्ही स्वतः या."

मी सकाळच्या एसटीनं धुळ्याला गेलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. याच रस्त्यानं ती इतकी वर्षं ये-जा करत होती आणि मी क्वचितच तिच्यासोबत आलो होतो, हे खिडकीशी बसून लक्षात येत होतं. धुळ्याच्या स्टँडवर तिचा विद्यार्थी गाडी घेऊन उभा होता. तिथून नदीच्या वरच्या अंगाला निघालो. यंदा पाऊस कमी झाला होता. पांझरेच्या पात्रात दगड वर आले होते आणि बंधाऱ्यामागे पाणी होतं तेही जेमतेम. गहू पेरून झाला होता. रस्त्याकडेच्या पाटात पाणी नव्हतं आणि दोन ठिकाणी माणसं पाटाच्या काठावर नुसती उभी होती, एकमेकांपासून लांब.

"पाळीचा वाद चाललाय म्हणे," तो म्हणाला. "मुखाकडचे म्हणतात आधी आम्ही. टोकाकडचे म्हणतात आमच्यापर्यंत येणारच नाही."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी मनात सूचीतली ती एक ओळ घेऊन निघालो होतो, आडनाव, नाव, गाव, वर्ष. रिकामी जागा भरायला निघालेला माणूस दुसरं काही पाहत नाही.

अक्काच्या मुलाचं घर सिमेंटचं, नवं होतं. मुलगा पन्नाशीचा, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. "या साहेब, बसा," म्हणून त्यानं खुर्च्या दिल्या. अक्का उंबऱ्याजवळ सुपात तूर निवडत बसली होती. बारीक, वाकलेली, हात मात्र भराभर चालत होते. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि परत सुपाकडे पाहिलं. चहा आला. मी सांगितलं की माझी बायको या गावच्या पाटावर लिहीत होती, तिनं इथल्या जाणत्या माणसांकडून माहिती घेतली, आणि आता ते छापलं जाणार आहे तर माहिती देणाऱ्यांची नावं द्यायची आहेत.

"चांगलंय की," मुलगा म्हणाला. "आईनं काय सांगितलं?"

मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात माझ्या शेजारून तो, तिचा विद्यार्थी, उत्साहानं बोलून गेला, "आजींनी फार मोठी गोष्ट सांगितली. दुष्काळाच्या वर्षी पाणी उलटं सोडायचे. पहिलं टोकाच्या शेताला. हे कुठल्याच पुस्तकात नाही."

मुलानं कप खाली ठेवला. त्याची जमीन पाटाच्या मुखाशी होती, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं.

"असं कधी नव्हतं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आमच्या बापानं पाट सांभाळला. मुखापासून पाणी, हा पहिल्यापासूनचा नियम आहे. पुस्तकात पण तेच आहे ना?"

"पुस्तकात तेच आहे," मी म्हणालो.

"मग?" तो वळला. "माय, तू आसं सांगं का त्या बाईले?"

अक्काचा हात सुपात थांबला. एक खडा तिनं बोटांत धरला होता, तो बाजूला टाकला. "माले काय समजस पानीमधलं," ती म्हणाली. "मी चूल देखू का पाट देखू?"

मुलगा आमच्याकडे वळून हसला. "बघा. म्हातारं माणूस आहे. मॅडमची काहीतरी गफलत झाली असेल."

माझ्या हातात अजून कप होता. मी तो ठेवून दिला. माझ्या बायकोची गफलत झाली, असं एक माणूस तिच्या माघारी, माझ्या तोंडावर म्हणत होता. आणि ज्या बाईला तो खोटा आहे हे माहीत होतं ती चार हातांवर बसून तूर निवडत होती. मला वाटलं, मोठ्यानं विचारावं, अक्का, माझ्या बायकोनं हे मनानं लिहिलं का? शब्द ओठांवर आलेही. मी उठलो, नमस्कार केला आणि बाहेर आलो.

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिचा विद्यार्थी पुढे गेला आणि शेजारच्या घरातल्या एका माणसाशी बोलत उभा राहिला. मी चपला घालत होतो तेव्हा अक्का भिंतीला धरत मागून अंगणात आली. हातात दोन-तीन वांगी होती, पदराच्या टोकात धरलेली.

"भाऊ, ती बाई का बरं नही उनी?"

आत हे मी बोललोच नव्हतो. नुसतं 'लिहीत होती' म्हणालो होतो. मी सांगितलं, "ती गेली, अक्का. दिवाळीच्या आधी."

तिनं पदर तोंडाशी नेला आणि ओट्याच्या कडेला बसली. वांगी ओट्यावर ठेवली. रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मन्हासंगे बठीसन भाकर खाधी तिनी. ठेचा तिखट लागना ते डोळाले पानी उनं तिले." मग दाराकडे एकदा पाहून आवाज अगदी खाली आणला. "मी जे सांगं ते खरं शे. मालक बिमार व्हतात तव्हय मी स्वतः पानी सोडं, शेवटना वावरले. बठ्ठा गावले माहीत शे. बोलाले कोन्ही तयार नही."

"मग नाव देऊ का तुमचं?"

"नको." ती लगेच म्हणाली. "तिनी माले नाव नही विचारं. म्हनीसन मी बोलनू. आते तुम्ही विचारतस." तिनं माझ्या हाताला हात लावला. "माले ह्याच घरमा ऱ्हानं शे, भाऊ."

आतून मुलानं हाक मारली. ती वांगी माझ्या हातात देऊन आत गेली.

धुळ्याकडे येताना आम्ही एका ढाब्यावर थांबलो. शेवभाजी आली, तिचा तर्रीचा थर लाल दिसत होता. मला खायची इच्छा नव्हती. तो मात्र अस्वस्थ होता, आणि घास मोडता मोडता म्हणाला, "काका, एक सांगू? नाव मिळालं मला. शेजारच्यानं सांगितलं. पूर्ण नाव, नवऱ्याचं, आडनावासकट. आजी बाहेर तुमच्याशी काय बोलल्या?"

मी सांगितलं. खरं आहे म्हणाली. नाव नको म्हणाली. दोन्ही.

त्याचे डोळे चमकले. "म्हणजे मॅडम बरोबर होत्या."

"मॅडम बरोबर होत्या."

"मग आता अडचण काय? नाव खरं, माणूस खरा, माहिती खरी. तुम्ही स्वतः ऐकलंत. सही मी करतो, हरकत नाही म्हणून. तो मुलगा काय संशोधन-त्रैमासिक वाचायला बसलाय?"

"तिची हरकत आहे. आणि आबांचा नातू प्रती मागवून भावकीत वाटणार आहे."

त्यानं पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाला, "ठीक आहे. नाव नको. 'पाटकरी कुटुंबातील एक वृद्ध स्त्री' लिहू. मी संपादकांशी बोलतो, अशी सोय असते."

"त्या गावात पाटकऱ्याच्या घरी वृद्ध स्त्री किती आहेत?" मी विचारलं. "आणि तिच्या मुलासमोर तू सगळं बोलून आलास. आता नाव असो नसो, ते वाक्य छापलं की ते तिचंच आहे. पाळीचा वाद चालू आहे. टोकाकडचा कुणीतरी तो अंक पंचांपुढे ठेवेल आणि संध्याकाळी ती मुलाच्याच घरात जेवायला बसेल."

त्यानं पोळीचा तुकडा ताटात ठेवला. त्याचे कान लाल झाले. "मला कळलं नाही काका. मी आनंदात बोललो."

"मलाही बोलायचंच होतं. तू आधी बोललास एवढंच."

"मॅडम म्हणायच्या, संदर्भ नसलेलं वाक्य म्हणजे अफवा." त्याचा आवाज आता चिडका झाला होता, पण राग माझ्यावर नसावा. "त्यांनी किती फेऱ्या मारल्या असतील त्या गावात! उन्हातान्हात. आणि छापायला काय जाणार? जे सगळ्यांना माहीत आहे ते. तुम्हाला चालेल? नवरा म्हणून विचारतो."

मला चालणार नव्हतं. तिच्या एकेका वाक्यासाठी मी आयुष्यभर स्वल्पविराम लावले. आता तिच्या हयातीतलं सगळ्यात मोठं वाक्य मी माझ्या हातानं खोडायचं होतं, आणि तेही ते खरं असताना. खोटं ठरलं असतं तर सोपं गेलं असतं. मी त्याला हे बोललो नाही. म्हणालो, "फाइल तुझ्याकडे आहे. पाठवायचा अधिकारही तुझा आहे, पत्रव्यवहार आता तुझ्या नावानं आहे. तू घातलंस तर मी अडवू शकणार नाही. मी फक्त सांगतोय."

ढाब्यावरून आम्ही धुळ्याकडे निघालो. तो गाडी वेगात चालवत होता. मला तो काय करेल याचा अंदाज येईना. माणूस वाईट नव्हता, पण त्याची बढती त्या पानांत होती, आणि मॅडमवरचं प्रेमही. दोन्ही एकाच बाजूला ओढत होती.

त्याच्या घरी दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. त्यानं कॉम्प्युटर लावला, लेख उघडला, तो भाग पडद्यावर आणला आणि मग खाली सूचीवर गेला. सूचीत 'अक्का' असं जिथे होतं तिथे त्याचा कर्सर लुकलुकत होता. एकदा त्यानं आडनावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. मी पाहिलं. मग त्यानं ती पुसली आणि खुर्ची मागे सरकवली.

"मग तिथे काय ठेवायचं?" तो म्हणाला. "तुम्ही लिहा."

त्या लेखात माझा एकही शब्द नव्हता. आमच्या कोणत्याच लेखात नसे. स्वल्पविराम माझे, शब्द तिचे, अशी वाटणी होती. मी खुर्चीत बसलो. उलट्या क्रमाची दोन पानं निवडली. ती निळी झाली. ती तशीच ठेवून मी काही वेळ बसलो. मग पुसली. लेखातलं भगदाड बुजायला मी टाइप केलं, फार सावकाश, कारण मराठी टाइप करायची मला सवय नाही: 'टंचाईच्या वर्षी पाणीवाटपाचा हा क्रम कसा पाळला जात असे, याबद्दल उपलब्ध छापील साधने काही सांगत नाहीत. याचा स्वतंत्रपणे शोध घ्यायला हवा.'

त्यानं वाचलं. "प्रश्न झाला याचा."

"हो."

"त्यांनी उत्तर आणलं होतं."

"हो," मी म्हणालो.

मग निष्कर्षातली तीन वाक्यं आपोआप लटकली. तीही काढावी लागली. गोषवारा बदलावा लागला. शीर्षकातला अर्धा भाग गेला. सूचीतली अक्काची ओळ मी शेवटी काढली आणि खालच्या सगळ्या ओळी एकेक वर सरकल्या. लेख आणि सूची पुन्हा ताडून पाहिली, लाल-निळ्या पेन्सिली नव्हत्या म्हणून बोटानंच. लेखात एका कोपऱ्यात आणखी एक (अक्का, तोंडी माहिती) निघाली. तिथे बायकोनं लिहिलं होतं की पाटकऱ्याच्या घरच्या स्त्रियांनाही पाटाची माहिती असे. तेही एका घराकडे बोट दाखवत होतं. काढलं.

लेख खूप आखूड झाला होता. संपादक घेतील का, हेही आता नक्की नव्हतं. ज्या भागासाठी घेतला होता तोच त्यात नव्हता. तो म्हणाला, "नाही घेतला तर?" मी म्हणालो, "नाही घेतला तर नाही." त्यानं मान हलवली. आपल्या बढतीबद्दल तो त्या दिवशी पुन्हा बोलला नाही, हे मी लिहून ठेवतो.

फाइल चढवायच्या पानावर त्यानं एकेक रकाना भरला. शेवटी एक छोटा चौकोन होता, त्यापुढे छापील ओळ: 'सर्व लेखकांनी हा अंतिम मसुदा वाचला असून त्यांची त्याला संमती आहे.' खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. त्यानं बाण तिथपर्यंत नेला आणि हात काढून घेतला.

"काका, पहिल्या लेखिकेच्या वतीनं..." म्हणून तो थांबला.

ती असती तर काय म्हणाली असती, ते मला खरंच माहीत नाही. भांडली असती, एवढं माहीत आहे. अक्काशी नाही, माझ्याशी. एखादा रविवार पुरला नसता. आणि भांडून झाल्यावर ती कुठे येऊन थांबली असती, ते पाहायला मला फार आवडलं असतं.

मी माउस हातात घेतला आणि त्या चौकोनात खूण केली.